कुळागरातल्या मेश नोड्ससाठी कमी वीज खाणारी वायरलेस चिप कोणती घ्यावी?

पोफळीखालून | वाळपईजवळ, सत्तरी

नमस्कार मंडळी. फर्मागुडीला इलेक्ट्रॉनिक्स शिकले, काही वर्षं नोकरी केली, आता घरचं कुळागर बघते. त्यासाठीच सल्ला हवा आहे.

आमचं कुळागर उतारावर आहे. वरच्या टोकाला झरीचं पाणी साठवायची टाकी आणि खाली घर. दोन्हींमध्ये सरळ रेषेत साधारण साडेतीनशे मीटर अंतर, पण सगळी पोफळी, नारळ, केळी, जायफळ, झाडांवर चढलेली मिरी. दुपारीसुद्धा खाली ऊन पोचत नाही.

मला मोजायचं आहे ते असं: चौदा ठिकाणी मातीतला ओलावा, टाकीतली पातळी, पंप चालू की बंद, आणि पोफळीच्या शेंड्यात पानं सलग किती वेळ ओली राहतात ते. सगळं दर पंधरा मिनिटांनी. हे शेवटचं, पानांचं, कोळे रोगासाठी (पावसात सुपारी कुजून गळते तो). बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर होते, पण दुसरी कधी घ्यायची हे आम्ही अजून आभाळाकडे बघून ठरवतो. घोस गळायला लागले की उशीर झालेला असतो.

शेंड्यात बसवलेल्या डब्याची बॅटरी संपली की पाडेल्याला (झाडावर चढून नारळ-सुपारी काढणाऱ्याला) बोलवावं लागतं, आणि पावसात ओल्या बुंध्यावर कोणी चढू नये असं मला वाटतं. म्हणून एकदा बसवलेली बॅटरी किमान दोन पावसाळे टिकली पाहिजे.

मेश करायचा विचार आहे, म्हणजे एका नोडने (सेन्सर आणि रेडिओच्या डब्याने) दुसऱ्याचा निरोप पुढे द्यायचा. एनआरएफ५२८४०, ईएसपी३२-सी६, ईएसपी३२-एच२, सीसी२६५२ आणि ईएफआर३२एमजी२४ अशा पाच चिपा काढल्या आहेत. सगळ्यांच्या डेटाशीटवर झोपेतला करंट मायक्रोअँपियरमध्येच दिसतो. मग निवडायचं कशावरून?

सोल्डरिंग जमतं, सी येते. सुटी चिप नको, तयार मोड्यूल हवं. पावसाळ्यात मोबाईलचा भरवसा नाही, त्यामुळे सगळी माहिती घरातच साठली पाहिजे.

तरंगलांबी | फोंडा

ताई, झोपेतला करंट सगळ्यात शेवटी बघायचा. आधी ठरवा की तुमच्या जाळ्यात जागं कोण राहणार.

मेशमध्ये जो नोड दुसऱ्याचा निरोप पुढे देतो, त्याला तो निरोप कधी येईल हे माहीत नसतं. म्हणून त्याचा रिसीव्हर सतत चालू ठेवावा लागतो. राखणदार झोपला तर निरोप पुढे जाणार कसा? आणि रेडिओमध्ये नुसतं ऐकणंसुद्धा महाग असतं. एनआरएफ५२८४० किंवा ईएफआर३२एमजी२४ ऐकताना पाच मिलिअँपियरच्या आसपास घेतात, सीसी२६५२ सातच्या जवळ. पाच धरा. दिवसाला १२० मिलिअँपियर-तास झाले. दोन एए सेल साधारण २५०० चे, म्हणजे वीस दिवसांत खलास. त्या चिपचा स्लीप करंट अर्धा मायक्रोअँपियर असला काय आणि पाच असला काय, ती झोपतच नाही.

थ्रेड, झिगबी, ब्लूटूथ मेश, तिन्हींची गत हीच. थ्रेडमध्ये एका जाळ्यात ३२ पर्यंत राउटर, म्हणजे निरोप पुढे देणारे नोड, असतात आणि ते जागे असतात. झोपणारी उपकरणं कोणत्या तरी राउटरला चिकटून राहतात, मधूनमधून उठून ‘माझ्यासाठी काही आहे का’ विचारतात. ब्लूटूथ मेश २०१७ साली आलं. त्यात निरोप पुराच्या पाण्यासारखा सगळीकडे पसरवतात, म्हणून रिले नोड सतत ऐकतो. लो पॉवर नोड झोपतो, पण त्याचे निरोप सांभाळायला जागा असलेला एक ‘फ्रेंड’ नोड लागतोच. ही सगळी मानकं घरातल्या दिव्यांसाठी उत्तम, कारण तिथे प्रत्येक बल्बला वीज मिळते आणि तोच राउटर होतो. तुमच्या पोफळीच्या रांगेत प्लग कुठे आहे?

दुसरी गोष्ट झाडीची. तुमच्या पाचही चिपा २.४ गिगाहर्ट्झच्या आहेत. ओल्या पानांत पाणी असतं आणि पाणी ही लहर शोषतं. कोरड्या मे महिन्यात चाचणी घेऊन ‘चाळीस मीटर मस्त चालतं’ असं लिहिणारे पुष्कळ सापडतील. तीच चाचणी जुलैत संततधार चालू असताना केळीच्या बागेत घ्या. माझ्या ओळखीच्या एका बागेत मे महिन्यात आरामात बोलणारे दोन नोड पहिल्या मोठ्या पावसानंतर −९० डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप, आकडा जितका उणे तितका सिग्नल क्षीण) खाली गेले आणि अर्धे निरोप हरवायला लागले. झाडं तीच, अंतर तेच, फक्त पानं भिजलेली.

म्हणून माझं मत: ही पाच नावं बाजूला ठेवा आणि ८६५ मेगाहर्ट्झवर लोरा, म्हणजे सावकाश पण लांबवर बोलणारा रेडिओ, बघा. हिशोब मांडतो. एनआरएफ५२८४० जास्तीत जास्त +८ डीबीएमने बोलते आणि ८०२.१५.४ वर (थ्रेड-झिगबीखालचं रेडिओ मानक) −१०० डीबीएमपर्यंत ऐकते, म्हणजे वाटेत १०८ डीबी गळाले तरी चालतात. सेमटेकची एसएक्स१२६२ ही लोरा चिप +२२ ने बोलते आणि एसएफ७ (लोराच्या वेगाचा टप्पा, आकडा वाढला की निरोप सावकाश पण लांब जातो), १२५ किलोहर्ट्झवर −१२४ पर्यंत ऐकते, म्हणजे १४६. इथेच ३८ डीबी जास्त. शिवाय ८६५ ची लहर लांब असल्याने तेवढ्याच अंतरात २.४ पेक्षा जवळजवळ ९ डीबी कमी गळते. हे मोकळ्या हवेतलं झालं, झाडीत फरक आणखी वाढतो. तुमच्या साडेतीनशे मीटरला कदाचित मेशची गरजच पडणार नाही.

कोडवाला | म्हापसा

ईएसपी३२-सी६ इतक्या लवकर यादीतून काढू नये असं मला वाटतं. वायफाय ६, ब्लूटूथ आणि ८०२.१५.४ सगळं एकाच चिपमध्ये, मोड्यूल कुठल्याही दुकानात मिळतं, अडलं की उत्तर सापडतं. एकटीने काम करणाऱ्या माणसाला ‘उत्तर सापडतं’ हा मोठा गुण आहे. डीप स्लीपला सात मायक्रोअँपियर, तेही वाईट नाही.

एच२ मध्ये वायफाय नाही, फक्त ८०२.१५.४ आणि ब्लूटूथ. बॅटरीवर चालवायचं तर सी६ पेक्षा एच२ बरी.

तरंगलांबी | फोंडा

कोडवाला, घरातल्या गेटवेसाठी, म्हणजे सगळे निरोप गोळा करणाऱ्या नोडसाठी, सी६ ला माझाही पाठिंबा. तिथे वीज आहे, वायफाय आहे, मागे इन्व्हर्टर आहे. बागेत मात्र नको. एच२ ऐकताना वीस मिलिअँपियरच्या वर जाते, सी६ त्याच्याही कितीतरी वर. राउटर करायचा तर नॉर्डिकच्या चिपेपेक्षा चार-पाच पट मोठी बॅटरी लागेल.

वेर्णे_पीसीबी | वेर्णा

दिवसभर असलेच बोर्ड हातात असतात म्हणून लिहितो. तरंगलांबींचा हिशोब बरोबर आहे, पण चिपेचा करंट आणि बोर्डाचा करंट या वेगळ्या गोष्टी. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच डेव्ह बोर्डांवर एएमएस१११७ रेग्युलेटर असतो. तो स्वतःच पाच मिलिअँपियर खातो. चिप झोपली तरी बोर्ड दिवसाला १२० मिलिअँपियर-तास पीत राहतो, म्हणजे जागा राहिलेल्या राउटरइतकाच. वर लाल एलईडी आणि यूएसबी चिप. लोक म्हणतात ‘डीप स्लीप चालतच नाही’, आणि कोड अगदी बरोबर असतो. दोन लिथियम एए थेट लावून रेग्युलेटर काढूनच टाका. नाहीतर एमसीपी१७०० सारखा घ्या, त्याला दोन मायक्रोअँपियरही लागत नाहीत.

ओलाव्याच्या सेन्सरचंही तेच. तो काळा, पट्टीसारखा स्वस्त कपॅसिटिव्ह सेन्सर सतत जोडून ठेवला तर काही मिलिअँपियर खातो. त्याची वीज मॉसफेटमधून (इलेक्ट्रॉनिक स्विचमधून) द्या, मोजायच्या आधी चालू करा, वाचून झालं की बंद. घेताना त्याच्यावरची ५५५ चिप वाचून घ्या. टीएलसी५५५ असेल तर तीन व्होल्टवर चालते. एनई५५५ ला साडेचारच्या आसपास लागतात, मग बॅटरी थोडी उतरली की आकडे वेडेवाकडे येतात आणि माणूस मातीला दोष देतो. पट्टीची वरची कड आणि सर्किटचा भाग इपॉक्सीने बंद करा, नाहीतर कडेतून पाणी शिरतं.

आता चिप. लोरा करायचं ठरलं तर दोन चांगले मार्ग आहेत.

एक, एसटीएम३२डब्ल्यूएलई५. कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसर आणि एसएक्स१२६एक्स जातीचा रेडिओ एकाच तुकड्यात. २५६ केबी फ्लॅश, ६४ केबी रॅम, घड्याळ चालू ठेवून झोपली की मायक्रोअँपियरच्या आसपास. आरएके३१७२, लोरा-ई५, ई७७ ही मोड्यूलं याचीच. साध्या सेन्सर नोडला याहून जास्त काही लागत नाही.

दोन, एनआरएफ५२८४० आणि शेजारी एसएक्स१२६२, जसं आरएके४६३१ मध्ये आहे. १ एमबी फ्लॅश, २५६ केबी रॅम, आणि ब्लूटूथ असल्यामुळे झाडाखाली उभं राहून फोनवरून सेटिंग बदलता येतं. शेंड्यातल्या डब्यासाठी मी हेच घेईन. तिथला फर्मवेअर बदलायला कोणाला वर चढवायचं नाही, खालूनच अपडेट करायचं.

मेशटॅस्टिकही यावर चालतं, पण ते माणसांनी एकमेकांना निरोप पाठवण्यासाठी बनलेलं आहे. तुमच्या कामाला स्वतःचा छोटा प्रोटोकॉल लिहिलेला बरा. झेफिर या खुल्या प्रणालीत दोन्ही चिपांना आधार आहे.

खाजनराखण | चोडण

आम्ही खाजनात (खाडीकाठी बांध घातलेल्या शेतात) मानशीजवळ पाण्याची पातळी मोजतो. भरती-ओहोटीला मानशीचं दार कधी उघडलं, कधी मिटलं, बांधाच्या आत पाणी किती चढलं, एवढंच. मोकळं शेत, मधे अडथळा नाही, त्यामुळे ८६५ वर एक गेटवे आणि सगळे नोड थेट त्याच्याशी बोलतात. मेश नाही.

तुमच्याकडे खारं पाणी नाही, पण दमटपणा तोच. आमच्याकडे चिप एकही बिघडली नाही. बिघडले ते अँटेनाचे कनेक्टर. हिरवे पडले, सिग्नल हळूहळू उतरत गेला, आणि आम्ही आधी बॅटऱ्या बदलत बसलो होतो. आता कनेक्टर जोडला की आपोआप चिकटणारी रबर टेप ओढून गुंडाळतो आणि केबल डब्याच्या खालून आत घेतो, वरून कधीच नाही. सगळ्या बोर्डांना कन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा पातळ थर), फक्त अँटेनाच्या जागी आणि सेन्सरच्या तोंडाशी सोडून.

डब्याला खाली श्वास घ्यायला व्हेंट प्लग ठेवा. अगदी हवाबंद डब्यात दिवसा गरम, रात्री गार होऊन आतच पाणी धरतं.

बागायतदार_काका | डिचोली

मी सुपारीचा माणूस, पन्नास वर्षं कुळागरात गेली. दर पंधरा मिनिटांनी ओलावा बघून तुम्ही काय करणार, बाय? पोफळीची मुळं ज्या मातीत आहेत ती पंधरा मिनिटांत बदलत नाही. मातीला दिवसातून चार वेळा वाचलं तरी पुरे. पंप सोडल्यावर तासाभराने एकदा वाचा, पाणी रांगेच्या शेवटापर्यंत पोचलं की नाही ते कळेल.

कोळ्याचं वेगळं. तिथे सलग किती तास घोस ओला राहिला हे महत्त्वाचं. पाऊस, मधेच ऊन, परत पाऊस असं चाललं की रोग धरतो. तिथे तासाला एक वाचन हवंच. आणि सेन्सर झावळीवर नको, घोसाच्या पातळीला, झावळ्यांच्या सावलीत लावा. वरचं पान वाऱ्याने सुकतं, घोस ओलाच राहतो.

औषधाच्या मात्रेबद्दल आणि वेळेबद्दल जुन्या गोव्याला एला येथे आयसीएआरची किनारी शेती संशोधन संस्था आहे, तिथे एकदा बोलून या. तुमचे आकडे घेऊन गेलात तर त्यांनाही उपयोग.

पोफळीखालून | वाळपईजवळ, सत्तरी

काका, हे फार मोलाचं सांगितलंत. मी सगळे नोड पंधरा मिनिटांवरच धरले होते. माती दिवसातून चार वेळा आणि शेंडा तासाला एकदा, असं धरलं तर हिशोबच बदलतो.

वेर्णे_पीसीबी, खाजनराखण, तुमचं सगळं वहीत उतरवलं. दोन अडचणी अजून आहेत. एक, डोंगराच्या वळणामागे तीन जागा अशा आहेत की घराकडून थेट रेषाच नाही. तिथला निरोप कोणी तरी पुढे द्यावाच लागेल आणि तिथे वीज नाही. दुसरी, पंप. तो मला घरून चालू-बंद करायचा आहे.

तरंगलांबी | फोंडा

वळणामागच्या जागांसाठी तीन वाटा आहेत. सोपी आधी सांगतो.

टाकी वर आहे आणि तिथे आभाळ मोकळं असेल असं धरतो. रिपीटर तिथेच बसवा. उंचीवरून वळणामागेही दिसेल आणि घरही. टाकीची पातळी मोजणारा नोड नाहीतरी तिथे आहेच, त्यालाच हे काम द्या. सतत ऐकणारा धरला तर रेडिओ आणि प्रोसेसर मिळून सहा मिलिअँपियर, दिवसाला दीडशे मिलिअँपियर-तासाच्या आत. १५०० चा एक लिथियम आयर्न फॉस्फेट १८६५० सेल सूर्य न दिसता दहा दिवस काढतो. दोन सेल समांतर लावा आणि पॅनेल गरजेपेक्षा मोठं घ्या, कारण जुलैत ढगांतून येणाऱ्या उजेडावर चार्ज करायचं आहे. पॅनेल जास्त तिरपं बसवा, म्हणजे पाणी वाहून जातं आणि शेवाळ धरत नाही.

दुसरी वाट, रिपीटरला झोपवायची. एसएक्स१२६२ मध्ये ठरावीक वेळाने जागं होऊन ऐकण्याची सोय आहे. समजा तो दर दोन सेकंदांनी जागा होतो आणि दोन सिंबॉलांएवढा (लोराच्या निरोपाचे सगळ्यात लहान तुकडे) वेळ कान देतो. एसएफ९ ला एक सिंबॉल ४.१ मिलिसेकंदांचा, म्हणजे आठ मिलिसेकंद. सरासरी वीस मायक्रोअँपियर, उठण्या-झोपण्याचा खर्च धरून चाळीस-पन्नास. दिवसाला एकशेवीसऐवजी एक-सव्वा मिलिअँपियर-तास. दोन एए वर वर्षं निघतील.

पण हे फुकट नाही. पाठवणाऱ्याला आपल्या निरोपाआधी दोन सेकंदांहून लांब प्रिअँबल, म्हणजे निरोप येतोय अशी वर्दी, लावावं लागतं, नाहीतर रिपीटर नेमका झोपलेला असताना निरोप निघून जाईल. पूर्ण ताकदीला एसएक्स१२६२ ११८ मिलिअँपियर घेते. सव्वादोन सेकंद बोलायचं तर एका निरोपाला ०.०७ मिलिअँपियर-तासाच्या वर. तासाला एक धरला तर वर्षाला साडेसहाशेच्या आसपास. तरीही दोन लिथियम एए, साधारण ३००० चे, दोन पावसाळे सहज काढतात. काकांनी सांगितल्याप्रमाणे माती दिवसातून चार वेळाच वाचली तर तोच खर्च वर्षाला शंभराच्या जवळपास येतो. चिप बदलून जेवढं वाचलं नसतं, तेवढं वाचन कमी करून वाचतं.

तिसरी वाट म्हणजे सगळ्या नोड्सची घड्याळं जुळवून ठरलेल्या क्षणी सगळ्यांनी एकदम उठायचं. ८०२.१५.४ई मधलं टीएससीएच यासाठीच आहे. त्यात राउटरसुद्धा बहुतेक वेळ झोपलेला असतो, आणि कारखान्यांत असली जाळी बॅटरीवर वर्षानुवर्षं चालतात. आपल्याकडच्या वीज मीटरांतही घड्याळ जुळवणारी वायरपासची मेश वापरतात. कॉन्टिकी-एनजीमध्ये टीएससीएच खुलं मिळतं. पण तीन नोडांसाठी एवढा पसारा मांडू नका. पन्नास-शंभर नोड झाले की परत या धाग्यावर या.

वेर्णे_पीसीबी | वेर्णा

पंपाबद्दल मी लिहितो. पंपाजवळ वीज आहे, म्हणून तो नोड कायम जागा ठेवा. तुमचा दुसरा फुकटचा रिपीटर तोच. फक्त वीज गेली की तोही गप्प होईल, म्हणून त्याला छोटी बॅटरी द्या.

सुरक्षेकडे दुर्लक्ष नको. ओलाव्याचा आकडा कोणी चोरून ऐकला तर काही बिघडत नाही, पण ‘पंप चालू कर’ हा निरोप कोणी रेकॉर्ड करून परत वाजवला तर कोरड्या विहिरीवर मोटर फिरत राहील. नुसत्या लोरा रेडिओला स्वतःचं एन्क्रिप्शन नसतं, ते तुम्ही घालायचं. दोन्ही चिपांत एईएस-१२८ ची सोय आहे, ते सीसीएम पद्धतीने वापरा, म्हणजे निरोप झाकला जातो आणि कोणी मधे बदलला तर कळतं. सोबत प्रत्येक निरोपात वाढत जाणारा क्रमांक. जुना क्रमांक आला की निरोप टाकून द्यायचा. क्रमांक फ्लॅशमध्ये जपा, नाहीतर वीज जाऊन आली की परत शून्यापासून सुरू. आणि पंपाला स्वतःची वेळमर्यादा द्या: ‘बंद कर’ पोचला नाही तरी ठरलेल्या मिनिटांनी मोटर आपली आपण थांबली पाहिजे. ड्राय रन संरक्षण वेगळं, ते स्टार्टरमध्येच हवं. रेडिओवर सोडू नये.

विजा तुमच्याकडे कमी नाहीत. पंपाच्या नोडला पुरवठ्याच्या बाजूला सर्ज प्रोटेक्टर लावा आणि सेन्सरच्या लांब तारा टाळा. टाकीची पातळी मोजायला पंपापासून तार ओढण्यापेक्षा तिथे वेगळा नोड ठेवलेला स्वस्त पडतो.

कोडवाला | म्हापसा

तरंगलांबींचे आकडे बघून माझं मत बदललं. बागेत लोरा, घरात सी६. गेटवेवर सी६ ला एसपीआयवरून एसएक्स१२६२ मोड्यूल जोडता येईल. डेटा घरातल्याच छोट्या संगणकावर एमक्यूटीटीने (निरोप पोचवायची साधी पद्धत) पाठवा, इंटरनेटची गरज नाही.

एक शंका: ८६८, ९१५, ४३३ अशी मोड्यूलं मिळतात. परवान्याचं काय?

वेर्णे_पीसीबी | वेर्णा

८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा भारतात २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो. त्या अधिसूचनेत ट्रान्समीटरची ताकद एक वॉटपर्यंत आणि कॅरियरची रुंदी २०० किलोहर्ट्झ अशी मर्यादा आहे. लोराची २५० किलोहर्ट्झची सेटिंग म्हणून टाळा, १२५ वर राहा. लोरावॅनचा भारतासाठीचा आयएन८६५ आराखडाही १२५ वरच चालतो. +२२ डीबीएम म्हणजे साधारण १६० मिलिवॅट, मर्यादेच्या पुष्कळ आत.

८६८ लिहिलेलं मोड्यूल ८६५ वर चालतं, अँटेना आणि फिल्टर दोन्हींना चालतात. ९१५ चं घेऊ नका. ८९० ते ९१५ हा आपल्याकडे मोबाईलच्या अपलिंकचा पट्टा आहे, तिथे बोलणं बेकायदा आहे आणि टॉवरलाही त्रास. ऑनलाइन बाजारात एका विक्रेत्याने ९१५ वर जुळवलेली अँटेना ८६८ च्या लेबलखाली पाठवली होती. व्हीएनए (अँटेना तपासायचं यंत्र) असलेल्या कोणाकडून एकदा तपासून घ्या. फर्मागुडीच्या तुमच्या जुन्या प्रयोगशाळेत विचारून बघा.

पुढे हे यंत्र बनवून विकायचं ठरवलंत तर डब्ल्यूपीसीचं (दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेचं) ईटीए, म्हणजे उपकरणाची मंजुरी, लागतं. ज्या मोड्यूलकडे ते आधीच आहे असंच आतापासून निवडा, नंतरची धावपळ वाचते.

पोफळीखालून | वाळपईजवळ, सत्तरी

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते लिहिते, चूक दिसली तर लगेच सांगा.

मातीचे नोड एसटीएम३२डब्ल्यूएल मोड्यूलवर, दोन लिथियम एए, रेग्युलेटर नाही, दिवसातून चार निरोप आणि पंपानंतर एक जादा. शेंड्यातले दोन नोड एनआरएफ५२८४० आणि एसएक्स१२६२ वर, तासाला एक निरोप, फर्मवेअर खालून ब्लूटूथने. टाकीवर सौर रिपीटर, सतत जागा, त्यामुळे लांब प्रिअँबलची भानगड नाही. पंपाचा नोड विजेवर. घरात सी६ चा गेटवे. पुरी मेश नाही, दोन रिपीटर असलेलं ‘स्टार’ जाळं, म्हणजे सगळे नोड एकाच केंद्राकडे बोलणार.

शेवटचा प्रश्न शेंड्यातल्या डब्याचा. अँटेना बुंध्याला लागून चालेल का? आणि तिथे चाबकासारखी लांब अँटेना लावावी की साधी?

तरंगलांबी | फोंडा

आराखडा बरोबर आहे. टाकीवरचा रिपीटर आधी बसवा आणि पावसाळ्याआधी नाही, पावसातच एक नोड हातात घेऊन सगळ्या जागा फिरून या. प्रत्येक जागी आरएसएसआय (सिग्नलची ताकद) आणि एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) दोन्ही लिहून ठेवा. एसएफ७ ला जिथे दहा डीबीचीही सवलत उरत नाही, त्याच जागेला एसएफ९ द्या. सगळ्यांना सरसकट एसएफ१२ देऊ नका. वीस बाइटचा निरोप एसएफ७ ला साठ मिलिसेकंदांच्या आत जातो, एसएफ१२ ला १.३ सेकंद लागतात. बॅटरी तिथेच जाते.

अँटेना साधीच. ८६५ ला पाव तरंगलांबी ८.७ सेंटिमीटर. बुंधा ओला असतो, त्याला टेकवली की अँटेना सुरातून जाते आणि अर्धी ताकद झाडात मुरते. डबा बुंध्याला बांधा, पण अँटेना बुंध्यापासून किमान एक वीत लांब राहील असा पीव्हीसीचा हात काढा. ती उभीच ठेवा, टाकीवरचीही उभी, एक उभी आणि एक आडवी असली तर सिग्नल फुकट जातो. जास्त गेनची लांब अँटेना शेंड्यात नको. तिचा झोत आडव्या पातळीत चपटा होतो, आणि तुमचे काही नोड खाली उताराला, काही वर टाकीकडे आहेत.

बांधायला तार नको, ती बुंध्याला काचते. नायलॉनचा रुंद पट्टा वापरा. पाडेली नारळ-सुपारी काढायला जेव्हा वर जाईलच, तेव्हा तोच पट्टा तपासून देईल.